शेवटच्या पानावरचे मासे

मी, आयव्ही ट्रेडिनिक, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार मूंटा, दक्षिण ऑस्ट्रेलिया, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मी शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला आजचा आहे. पुढच्या वर्षाची हमी डॉक्टर देत नाहीत, मीही देत नाही.

१. घर, कोंबड्या आणि पेस्टी, म्हणजे आमच्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, भाजायचे ट्रे माझी एकुलती मुलगी लॉरेल हिला.

२. प्रेमकथांची दोन खोकी माझी नणंद विनी हिला. "वहिनी, असलं वाचून डोकं सडतं हो!" असं ती अडुसष्ट साली चर्चच्या बायकांसमोर म्हणाली होती. मला त्या कथांचा केव्हाच वीट आला. ती मात्र अजून चोरून वाचते. घे बाई, आता उघड वाच.

३. खुनाच्या कथा दवाखान्यातल्या बाकाशेजारी ठेवाव्यात. नवरा पर्सी आजारी होता ती दोन वर्षं मी दुसरं काही वाचू शकले नाही. त्यांत निदान शेवटी दोषी कोण ते कळतं.

४. दीपगृहवाल्याच्या बायकोची गोष्ट सांगणारी जाडी कादंबरी लॉरेलला. ही मुळात वाचनालयाची. आमच्याकडे पेस्टीच्या कोपऱ्यावर आपल्या नावाचं अक्षर काढतात, तशी आम्ही म्हातारी मंडळी वाचलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने खूण करतो. माझी खूण मासा. आवडलं तर तोंड वर, नाही तर खाली. पुस्तक घेण्याआधी ते पान बघायचं असतं. एप्रिलमध्ये मी विसरले. नवीन म्हणून आणलं, वाचून पोटभर रडले आणि पेन्सिल घेतली, तर तिथे तीन मासे आधीच होते.

पहिल्याचं तोंड खाली. तेव्हा मी सव्वीस वर्षांची, आणि ती बाई नुसती वाट बघते म्हणून चिडले होते. दुसरा बावन्नाव्या वर्षीचा, आडवाच. तिसऱ्याचं तोंड वर, पेन्सिल ताजी.

"लॉरेल, हा कोणी काढला गं?"

"आई, तूच. जानेवारीत. मला अख्खी गोष्ट सांगितलीस की!"

ती हसली, आणि मग खुर्चीत बसूनच राहिली. मला फार भीती वाटली. अजून वाटते. वाचनालयाने ते पुस्तक मला देऊन टाकलं.

५. मी लॉरेलला ओळखेनाशी झाले, की तिने हेच पुस्तक मला वाचून दाखवावं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. "आई, हे झालंय" असं म्हणू नये.

वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. हे कलम काढा."

मी म्हटलं, "मी त्याआधीच जायची आहे, साहेब. राहू द्या."

६. दर वेळी वाचून झाल्यावर माझ्या हाती पेन्सिल द्यावी. मला मासा काढता आला नाही तर लॉरेल, तू काढ. तोंड कुठे करायचं ते माझ्या चेहऱ्याकडे बघून ठरव.

सही: आयव्ही ट्रेडिनिक
साक्षीदार: हेडली पास्को, न्हावी
साक्षीदार: मर्टल बेनी, शेजारीण
(दोघांची नावं मी कोणाला न विचारता, माझी मी आठवून लिहिली आहेत.)
मूंटा, ९ मे २०१९