नेतृत्व : पाचपैकी पाच

सोमवार, ६ जानेवारी २०२५, धुळे

आले एकदाची! पाच दिवस 'उद्याचे नेतृत्व' शिबिर. हॉल लग्नाचा — खुर्च्यांना अजून गुलाबी फिती. सामाजिक संस्थांचे आम्ही बावीस भावी संचालक त्या फितींना टेकून बसलो.

ट्रेनर पुण्याचे. पहिलाच प्रश्न — "तुम्ही प्राणी असता, तर कोणता?" सगळे वाघ, सिंह, हत्ती. मी म्हटलं, म्हैस. दूध देते आणि मनात येईल तिथे बसते. कोणी हसलं नाही! ट्रेनरनी मात्र वहीत काहीतरी लिहून घेतलं.

जगदीश गरुड झाला. तोही इंग्रजीत! आमच्याच संस्थेचा, दोंडाईच्याचं केंद्र बघतो, येऊन तीन वर्षं झाली. आमचे अध्यक्ष नाना आता थकले. मार्चनंतर सगळी संस्था सांभाळायला संचालक नेमायचा — मी, नाहीतर जगदीश. नानांना विचारलं तर म्हणतात, "हेमलता, शिबिराचा अहवाल येऊ दे, मग बघू." म्हणजे चौदा वर्षं जळगावात निराधार बायकांचं घर चालवलं, ते गेलं चुलीत.

हवंय मला ते पद. इथे कोण वाचतंय, लिहून टाकते — फार हवंय.

७ जानेवारी

जुन्या वर्तमानपत्रांचा मनोरा बांधायचा. वीस मिनिटांत. बोलायचं नाही. ज्या बाईला नवऱ्याने रात्रीतून बाहेर काढलं, तिला घरात घेताना हा मनोरा कुठे ठेवायचा, ते विचारायचं राहिलं.

गरुडाचा मनोरा सगळ्यात उंच. चहावाल्याने दार ढकललं आणि वाऱ्याने आडवा! ट्रेनर : "यातून काय शिकलात?" जगदीश : "अडथळ्यांचं पूर्वनियोजन." माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "चहा वेळेवर आला."

संध्याकाळी आमच्या बायकांच्या घराच्या स्वयंपाकीणबाईंचा, सुगंधाबाईंचा फोन. "ताई, तू जेवनी का? तठे काय देतस खावाले?" म्हटलं, पनीर. "अरे देवा! भरीतना दिवसमा पनीर!" या बाईला ट्रेनर करायला हवं.

८ जानेवारी

आजचा तमाशा — हाताखालच्या लोकांनी आपल्याला गुण द्यायचे. बिननावाचे फॉर्म प्रत्येक संस्थेला आधीच गेलेत. ऐकून घेतात का, ओरडतात का, पाचपैकी किती. निम्मा अहवाल त्यावरच! जेवणापर्यंत मी हसत होते.

हात धुवायला गेले, तर जगदीश जिन्यात फोनवर. "सगळ्यांना पाच-पाच लिहायला सांग. आल्यावर पार्टी." मला बघून हसला. निर्लज्ज!

माझी नऊ माणसं डोळ्यांपुढे आली. सुगंधाबाईंना मिठावरून चारचौघांत बोलले, दिवाळीतच. वॉचमन कौतिकला झोपला म्हणून दोनदा घरी पाठवला. कोण देईल मला पाच? मीही दिले नसते.

चार वाजता ऑफिसात फोन लावला. आमची क्लार्क दिपमाला.

"फॉर्म भरले का गं?"

"कालच भरले ताई सगळ्यांनी. आत्ता स्कॅन करून पाठवतेच आहे."

"ते राहू दे. कोऱ्याच्या नऊ झेरॉक्स काढ. वेगवेगळ्या पेनांनी तूच भर. चांगलं लिही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

"ताई, काय लिहिलंय ते वाचून दाखवू का?"

"नको!"

"बरं ताई."

जगदीशने केलं ते मी केलं. त्याच्यासारख्याच्या हाती माझं घर जाण्यापेक्षा हे बरं. बरंच म्हणायचं!

९ जानेवारी

आजचं सत्र 'पारदर्शकता'. मी मागच्या रांगेत बसले.

१० जानेवारी

निकाल! मी पाचपैकी पाच. जगदीश चार पूर्णांक आठ — त्याच्या एका माणसाला पार्टीचा भरवसा नसावा. ट्रेनर गहिवरले. म्हणे, दहा वर्षांत असा फॉर्म पाहिला नाही. बरोबरच आहे, तसा कोणी भरतही नाही! टाळ्या, प्रमाणपत्र, फोटो. जगदीशने हात मिळवला आणि कानात म्हणाला, "तुम्ही पण का ताई?" मेल्याला ओळखता आलं.

बसमध्ये नानांचा फोन. "पोरी, समितीशी बोललो. तूच."

पारोळा येईपर्यंत रडत होते. आनंदानेच, दुसरं काय?

सोमवार, १३ जानेवारी, जळगाव

सुगंधाबाईंनी मांडे केले. बायकांनी ओवाळलं. कौतिकने हार आणला, तोही जागा राहून! नाना म्हणाले, "हे घर तुझ्यामुळे उभं आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दिपमालानेही.

सगळे पांगल्यावर ती टेबलाशी आली. एक पाकीट ठेवलं. "ताई, हे फाडायचं का ठेवायचं, तुम्ही सांगा." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, बघते.

पर्समध्ये घालून घरी आणलं. फाडून टाकावं!

१४ जानेवारी

फाडलं नाही. वाचलं. नऊ फॉर्म, गुण बेताचेच — तीन, साडेतीन. 'ओरडतात' असं सहा जणांनी लिहिलंय. ठीक आहे, ओरडतेच मी.

नावं नाहीत, पण शेवटच्यावर अक्षर दिपमालाचं. 'एक चांगली गोष्ट' या रकान्यात लिहिलंय — 'सहा वर्षांत ताईंनी मला एकदाही खोटं लिहायला लावलं नाही.'

खाली तारीख, सात जानेवारी. मी फोन केला आठला.