ओढ्याकाठच्या बागेत स्पीकर हवा

५ जानेवारी २००४, सोमवार. सकाळ.

रिक्षा फिरून गेली. ओढ्याकाठच्या बागेचं आणि तिथल्या पायवाटांचं नूतनीकरण होणार, नागरिकांनी आपापली मतं मांडावीत. रिक्षावाल्याला 'नूतनीकरण' म्हणता येत नाही. 'नूतकरण' म्हणाला. पुढच्या चौकात पुन्हा तेच. मी अख्खी नोकरी भोर स्टँडवर कंट्रोलर म्हणून माईकसमोर काढली, जीभ कधी घसरली नाही. असो.

नागरिकांची मतं! नागरिकांना मत असतं कुठं? हिर्डोशी गाडी लागली म्हणून घसा कोरडा केला तरी हे नागरिक महाडच्या गाडीत चढून बसायचे. यांना कुठं जायचं ते मी सांगायचो. बागेचं काय करायचं तेही मीच सांगणार.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून ओढ्याची पाहणी.

हौसाला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. घरातून पूर्ण पाठिंबा.

६ जानेवारी.

थंडी होती.

७ जानेवारी.

थंडी. शिवाय पहाटे अंधारात पाहणी करून दिसणार काय? ज्यांनी पहाटे उठायचा संकल्प सुचवला त्यांनी याचा विचार करायला हवा होता.

८ जानेवारी, गुरुवार. दुपारी चार.

पाहणी केली. रिटायर झाल्यापासून तिकडे पाय ठेवला नव्हता. ही बाग नाही, नुसता गोंधळ आहे. एकही वाट सरळ जात नाही. मोठ्या उंबराला तर वाट कारण नसताना वळसा घालते. मधल्या साकवाच्या दोन फळ्या गेल्यात, लोक उरलेल्यांवरून उड्या मारत जातात आणि वर हसतात. ठकुबाईच्या शेळ्या करंजाच्या फांद्या ओरबाडत होत्या. तिला म्हटलं, उद्यानात जनावरांना प्रवेश नाही. ती म्हणाली, "कंट्रोलर, स्टँडावरचं बोलनं स्टँडावर ठिवा. हितं गाडी येत न्हाई." उद्धट बाई. रिपोर्ट करायला हवा. कुणाकडे ते बघतो.

उंबराखाली पाच-सहा बायका पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. मला पाहून गप्प झाल्या. एकीने तर पदर पार नाकापर्यंत ओढून पाठ फिरवली. इतकी अदब हल्ली दिसत नाही. पातळ ओळखीचं वाटलं. असली पातळं बाजारात सगळ्यांकडेच असतात.

येताना ओढ्याची खोली तपासली. गुडघाभर. चप्पल सापडली नाही.

११ जानेवारी, रविवार.

योजना तयार. एकच मुख्य वाट, सरळ, सिमेंटची. बाकीच्या वाकड्या वाटा काटे टाकून बंद. जायला एक बाजू, यायला दुसरी. आणि मुख्य गोष्ट: दर चार झाडांमागे खांबावर स्पीकर. लोकांना सूचना मिळाल्या पाहिजेत. कुठं चालावं, कुठं थांबावं, किती वेळ बसावं. सूचना नसतील तर माणूस नुसता बसून राहतो.

आवाज कुणाचा, हा प्रश्नच नाही.

संध्याकाळी इस्माईलच्या सायकलच्या दुकानात जाऊन सांगितलं. शाळेपासूनचा मित्र. पंक्चर काढता काढता ऐकलं आणि म्हणाला, "कुंडलिक, माझा गुडघा दुखतो म्हणून मी तिथं जाऊन बसतो. साकव नीट करून द्या म्हणावं, झालं. स्पीकर कशाला रे?" मी त्याला समजावून सांगितलं. गिऱ्हाईक सायकल न घेताच निघून गेलं. इस्माईल म्हणाला, "बघ, हे असं होतं."

मत्सर. त्याला कधी माईक मिळाला नाही.

एक गोष्ट मात्र कामाची कळली. मतं गोळा करायला पुण्याहून जी आर्किटेक्ट येणार आहे ती त्याचीच मुलगी, महेजबीन. या पोरीला मी लहानपणी फुकट लिमलेटच्या गोळ्या दिल्यात. म्हणजे काम झाल्यातच जमा आहे.

१८ जानेवारी, रविवार.

महेजबीनने सगळ्यांना साकवापाशी बोलावलं होतं. सगळ्यांनी मिळून चालायचं आणि चालता चालता बोलायचं, असा कार्यक्रम. शिस्त शून्य. मी शिट्टी नेली होती. पुढे झालो आणि माझ्या सरळ रेषेने निघालो. घाणेरीचं रान लागलं, सदरा फाटला, तरी रेषा सोडली नाही. शेवटी कांद्याच्या वाफ्यात निघालो. मागे वळून पाहिलं तर कुणी नाही. समोर सोनबा उभा, ज्याचा तो कांदा. तो जे बोलला ते इथं लिहीत नाही. हा माणूस रोज माझ्या गाडीने मार्केटला जायचा.

परत आलो तेव्हा मंडळी उंबराखाली चहा पीत होती. चहा संपला होता. महेजबीन म्हणाली, "काका, तुम्ही कुठं होतात? आम्ही हाका मारल्या." मी म्हटलं, मी इतरांपेक्षा जास्त भाग पाहिला. तिने ते लिहून घेतलं नाही.

हौसाही आली होती, हे घरी आल्यावर कळलं. म्हणाली, सहज आले होते. माझं नेतृत्व बघायला, दुसरं काय.

२४ जानेवारी.

घरोघर फिरून पाठिंबा मिळवला. प्रचंड प्रतिसाद. निम्मे लोक 'बघू' म्हणाले. गिरणीवाला कोंडिबा म्हणाला, "तुमी म्हंताय तर आसंल." पेठेतले एक गृहस्थ घरात नव्हते. त्यांनी स्वतःच आतून तसं सांगितलं.

२७ जानेवारी.

नमुना म्हणून कॅसेट करायला घेतली. टेपरेकॉर्डर जुना, पण आवाज खणखणीत. "सूचना. नागरिकांनी सरळ वाटेने चालावे. ओढ्यात वाकून पाहू नये. बराच वेळ बसलेल्यांनी उठावे." फोडणीचा आवाज आला. हौसाला म्हटलं, फोडणी नंतर दे. मग भांड्याचा आवाज. मग झाडूचा. मग तिला खोकला आला. खोकायची वेळ असते का ही? शेवटी तिला म्हटलं, तू जरा बाहेर जाऊन ये. इतकी पटकन गेली की चपला दारातच राहिल्या. दिवेलागणीला आली. विचारलं, कुठं होतीस? म्हणाली, "हितंच." पाय ओले होते.

मला जास्त विचारायला वेळ नव्हता. 'नागरिकांनी' मधला 'ग' नीट येत नव्हता.

२ फेब्रुवारी, सोमवार.

बकरी ईद. इस्माईलकडे जेवायला. भांडण आहे, पण जेवण वेगळं. जेवणानंतर कॅसेट लावली. त्याचे मेहुणे अल्ताफ मार्गासनीहून आले होते. त्यांनी डोळे मिटून एकाग्रतेने ऐकली. कॅसेट संपल्यावरही मिटलेलेच होते. महेजबीनला विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "काका, सभेत सगळ्यांचं ऐकायचंय. तुमचंही ऐकू."

'तुमचंही'! लिमलेटच्या गोळ्या विसरली. शिकली की पोरं अशीच होतात.

परतताना इस्माईल कोपऱ्यापर्यंत आला. हळूच म्हणाला, "वहिनींना एकदा विचार की, त्यांना काय पाहिजे ते." मी म्हटलं, तिला काय पाहिजे ते मला माहीत आहे, तिचं लग्न माझ्याशी झालंय. तो कोपऱ्यावर थांबला. मग म्हणाला, "हं, झालंय खरं."

याच्याशी संबंध बंद. बिर्याणी झाल्यावर बंद केले हे बरं झालं.

९ फेब्रुवारी.

शत्रू वाढलेत. ठकुबाई सगळीकडे सांगत फिरते की कंट्रोलर ओढ्याला तिकीट लावणार. तिकिटाचं माझ्या डोक्यातही नव्हतं. आता विचार करायला हरकत नाही.

भाषणाची तालीम रोज तीन वेळा. हौसा ऐकते. म्हणजे घरात असते तेव्हा ऐकते.

१५ फेब्रुवारी, रविवार. सभा झाली.

सविस्तर लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

शाळेच्या हॉलमध्ये. गर्दी होती. मी पहिलाच बोललो. माईक हातात आला आणि अंगात जुनी ताकद आली. योजना मांडली, कॅसेट लावली. मागून सोनबा ओरडला, "गाडी किती वाजता हाय?" हॉल हसला. मी आवाज वाढवला. ठकुबाई म्हणाली, शेळ्या बिथरतील. पुन्हा हसले. मी सांगितलं की तुम्हा लोकांना सार्वजनिक जागेची अक्कल नाही, तुमच्यासाठी बाग करणं म्हणजे पैसा ओढ्यात टाकणं आहे. तेव्हा कुणी हसलं नाही. मला वाटलं, पटलं.

महेजबीनने माईक मागितला. द्यावा लागला. तिने मागे बसलेल्या बायकांना विचारलं, तुम्ही तिथं रोज येता, का येता ते सांगाल का? कुणी उठेना. मी सांगणारच होतो की यांना काही म्हणायचं नसतं. तेवढ्यात हौसा उठली.

माईक नको म्हणाली. जागेवरूनच बोलली. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, चार माणसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे उत्तर देता येईल.

"मी रोज दुपारी उंबराखाली जाऊन बसते. आमचे हे घरी असतात. वाईट मानूस न्हाईत. कधी हात उगारला न्हाई, काही कमी केलं न्हाई. पर बोलतात. सकाळी डोळा उघडल्यापासनं बोलतात. रिटायर झाल्यापासनं तर लई. मी काय बोलाया गेले तर त्यांचं पुढचं चालू झालेलं आसतं. तितं बसलं की पान्याचा आवाज येतो. बाया बोलतात, मी पन बोलते. तितं स्पीकर लावला तर मी कुठं जाऊ, तेवढं सांगा."

आणि खाली बसली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी दम दिला असता. इस्माईल जमिनीकडे बघत होता. ठकुबाईने हौसाच्या पाठीवर हात ठेवला. महेजबीनने हौसाचं सगळं लिहून घेतलं.

१६ फेब्रुवारी.

शांतपणे विचार केला. हौसाला कुणीतरी पढवलं. एकटी इतकं बोलूच शकत नाही. ती गप्प बाई आहे, हे घरात कुणालाही विचारावं. घरात मीच आहे.

शिक्षा म्हणून मौन धरायचं ठरवलं. माझ्या आवाजाची किंमत कळू दे.

१९ फेब्रुवारी.

मौन चालू. परिणाम दिसू लागला आहे. हौसा सकाळी ओव्या म्हणत होती. तिला येतात हे मला माहीत नव्हतं. बहुधा बेचैनी लपवते आहे. रात्रीच्या जेवणात वांग्याचं भरीत, दुसऱ्यांदा वाढलं.

२३ फेब्रुवारी.

ठकुबाई घरी आली. माझ्या घरी! दोघी स्वयंपाकघरात तासभर हसत होत्या. जाताना ठकुबाई मला म्हणाली, "बरं वाटतं बगा आता हितं." मौनात असल्यामुळे सडेतोड उत्तर देता आलं नाही.

दुपारी हौसा उघडपणे सांगून गेली, "वड्यावर जाते." घरात बसून राहिलो. घड्याळाचा आवाज फार येतो. आधी येत नव्हता.

२७ फेब्रुवारी.

निर्णय कळला. वाटा आहेत तशाच राहणार, फक्त चिखलाच्या ठिकाणी दगड बसवणार. साकव नवा, त्याचं काम सोमवारपासूनच. उंबराखाली दगडी पार. सिमेंट नाही, खांब नाहीत. स्पीकरचा उल्लेखसुद्धा नाही. 'नामंजूर' असंही नाही. नामंजूर म्हटलं असतं तर अपील करता आलं असतं.

मौन सोडलं. हौसाला म्हटलं, मी बोलायला लागलो आहे. ती म्हणाली, "व्हय का."

७ मार्च, रविवार. संध्याकाळ.

गेले काही दिवस विचार करून आज दुपारी विचारलं, मी येऊ का ओढ्यावर? हौसाने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "या. पर मी बोलंन."

गेलो. कालच होळी झालेली, ऊन तापलेलं, पण खाली सावली होती. तिने आज बायकांना लांब बसायला सांगितलं होतं. उंबराच्या मुळीवर बसलो, पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. मी काही बोललो नाही.  मग ती आपणहून बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत. लग्नाआधीचं काहीतरी. भोंगवलीचं, तिच्या माहेरचं. तिची एक बहीण होती, थोरली, तिचं. मला ही बहीण होती हे ठाऊक नव्हतं. हौसाचा आवाज बारीक झाला होता. आणि त्याच वेळी माझं लक्ष नव्या साकवाकडे गेलं. कठडा चक्क वाकडा बसवलाय. इंचभर तरी. मी तिला तेवढंच सांगितलं. मग तो कसा बसवायला हवा होता ते सांगितलं. माझ्या देखरेखीखाली काम झालं असतं तर काय झालं असतं, तेही थोडक्यात.

सांगून झाल्यावर पाहिलं तर ती उठून वाटेने पुढे गेली होती. मी हाक मारली. ती थांबली नाही, घाईही केली नाही. कुठल्या वाटेने गेली ते कळलं नाही, तिथून तीन फुटतात. मी घरी आलो. थोड्या वेळाने ती आली, चहा ठेवला, माझा कप माझ्यासमोर ठेवला. म्हटलं, उद्या जाऊ पुन्हा. म्हणाली, "उद्या नको." परवा? ती दिवा लावायला उठली.

तिच्या बहिणीचं काय झालं ते निदान इथं लिहून ठेवावं म्हणून वही घेतली. विहीर होती, आणि वर कुणीतरी दोर धरून उभं होतं. एवढं मी ऐकलं.

त्याच्या पुढचं मीच बोलत होतो.