विजयाचे सोमवार

२६ जुलै १९४३, बेलापूर
मुलींच्या शाळेत रुजू झाले. शामकांत वकिलांकडे खोली मिळाली, बदल्यात त्यांच्या विजयाची शिकवणी. नऊ वर्षांची चिमुरडी, पण आल्या आल्या कोडी घालून मास्तरणीलाच हरवलं! पोरीला मधुमेह आहे. कंपाउंडर रोज सकाळी सुई टोचून जातात. साखर, बटाटा, केळं, साबुदाणा सगळं बंद. गावाभोवती ऊसच ऊस, आणि ही बिचारी काकडी चावतेय.

२ ऑगस्ट, सोमवार
लेक बरी व्हावी म्हणून वहिनींनी, म्हणजे तिच्या आईने, नवस बोललाय: विजयाने श्रावणी सोमवार धरायचे. उपासाचं सगळंच डॉक्टरांनी मना केलेलं, म्हणून दिवसभर नुसतं ताक. सुई मात्र नेमाने. दुपारी तिला दरदरून घाम फुटला, डोळे फिरले, भलत्याच आवाजात ती "साखर दे" म्हणून किंचाळली. मोलकरीण कडूबाई म्हणाली, "ही आपली पोर न्हाई बोलत, बाई. कुनी तरी शिरलंय हिच्यात, त्येच मागतंय." मी शिकलेली, पण अंगावर काटा आला. संध्याकाळी उपास सोडल्यावर उतरलं.

१० ऑगस्ट
काल पुन्हा तेच, वर झटकेही. आज पाढे घेतले. बारापर्यंत तोंडपाठ होते; साताशीच अडकली आणि ओशाळून हसली. मला रडूच आलं.

१७ ऑगस्ट
काल बराच वेळ बेशुद्ध. आज पाटीवर स्वतःचं नाव लिहिताना 'वि' काढून थांबली. ते जे कोण आहे, ते पोरीला घासाघासाने खातंय. वहिनी म्हणतात नवसात कसूर झाली. आता ताकही बंद.

२२ ऑगस्ट
नगरला जाऊन डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, सुई घेऊन उपाशी राहिलं की रक्तातली साखर पार उतरते, मेंदू उपाशी पडतो. वाढत्या वयात तर फार वाईट. तेव्हा साखर हेच औषध. म्हणजे कुणी शिरलंच नव्हतं. विजयाच मागत होती — आणि आम्ही —

२३ ऑगस्ट, सोमवार
वकील परगावी. मी नगरहून परत पोचण्याआधीच सुई देऊन झालेली. तिला घाम फुटलेला. गुळाचा खडा घेऊन धावले, ओरडले, साखर द्या तिला — वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, आता ते बाईंच्यात शिरलं —

मला माझ्या खोलीत कोंडून बाहेरून कडी. दार हलत नाही.

भिंतीपलीकडून ती मागतेय.

शब्दही हरवला. नुसतं "सा — सा —"

आवाज थांबला.

वहिनी दाराशी. आनंदाने रडतायत. उतरलं म्हणे, आता काही मागत नाही, शांत निजली —

उठवा तिला! वहिनी, फटीतून गूळ घ्या, तिच्या तोंडात —