परसातलं सफरचंदाचं झाड

कूलगार्डी, मार्च १८९६

लाडक्या टॅम्सिन,

मी बरी आहे, खोकलाही थांबला. आईचे गुडघे कसे आहेत?

मासिकातला कवी ‘भटक्या’ म्हणजे मीच, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. माझ्या खाणावळीत सोनं खणणारी माणसं मासिक मोठ्याने वाचतात आणि मग पानं तरटाच्या भिंतीला चिकटवतात, धूळ अडते म्हणून. काल त्यात आपल्या परसातल्या सफरचंदाच्या झाडावरची माझी कविता निघाली. ऐकताना सगळ्यांनी टोप्या काढल्या.

“हा भटक्या माझ्याबरोबर बैल हाकायचा,” म्हातारा पास्को म्हणाला.

“मग तुझ्यासारखाच थापाड्या असणार,” दुसरा एकजण म्हणाला.

“असेल. पण घराबद्दल असं लिहिणारा परत जात नाही रे. गेला तर लिहील कशाला?”

मी वाळूने ताटं घासत राहिले.

मी येईपर्यंत झाड तोडायचं नाही, असं मीच तुम्हा दोघींना बजावून निघाले होते. आता ते छपरावर कलंडतंय म्हणतेस, तर तोड. इथे माझ्या चुलीमागच्या भिंतीवर ते फुललेलं आहे.

फक्त त्या दिवशी आईची खाट परसाकडून हलवून रस्त्याकडच्या खिडकीशी ने.

तुझ्या वेण्या घालणारी,
थर्झा