चाकी कशी सुटली त्याची हकीकत

मुक्काम नाटे, तालुके राजापूर
भाद्रपद शुद्ध २, शके १८५२

राजमान्य राजश्री काशीरामदादा यांचे सेवेशी,

गंगारामाचा साष्टांग नमस्कार. (उजवा कोपर सोललेला आणि डावा गुडघा सुजलेला असल्यामुळे आठ अंगांपैकी सहाच हजर आहेत. उरलेली दोन बरी झाली की मागाहून पाठवीन.) इकडे सर्व क्षेम आहे असे लिहा, असे आपल्या भगिनी चिमा यांनी सांगितले, म्हणून लिहिले. आपली, वहिनींची आणि चिरंजीव सदूची प्रकृती उत्तम असेलच. मुंबईच्या ज्या हत्यारांच्या गुदामात आपण मुकादम आहात त्या गुदामाची प्रकृतीही उत्तम असणार, कारण तेथले उपयोगी हत्यार बाहेर जाऊ द्यायचे नाही असा आपला नेम दिसतो. हे मी रागाने लिहीत नाही. रागाने लिहिले असते तर टाक मोडला असता, आणि या गावात दुसरा मिळत नाही.

अयूबशेटांची ‘सलामत’ लाँच आपण कधी पाहिली नाही. अकरा वर्षे मी तिच्यावर इंजिनाचा मिस्त्री, आणि अकरा वर्षांत आपल्याला सवड झाली नाही, तेव्हा थोडक्यात सांगतो. जैतापूरच्या बंदराला आगबोट लागली की उतारू घेऊन खाडीतून राजापूरकडे जायचे, हे आमचे काम. पावसाळ्यात आगबोट बंद, तेव्हा लाँच वर ओढून झावळ्यांच्या खोपीत ठेवायची आणि दुरुस्ती करायची. यंदा तिची पाण्याची नळी चोंदली. ही नळी खाडीचे पाणी आत खेचून इंजिन थंड ठेवते. तिच्यात चिखल आणि कालवांच्या शिंपा अशा बसल्या की फुंकर मारली तर फुंकर परत यायची. नळी साफ करायची तर तिच्या जोडावरची एक चाकी (आपले साहेब तिला नट म्हणतात) सोडवायला हवी. एकच. आपल्या गुदामात अशा चाक्या पोत्यांनी असतील. पण ही एक इंजिनाच्या बुडाखाली, दोन फासळ्यांच्या बेचक्यात आहे. तिथे माणूस जातो तो पोटावर, डोके खाली आणि पाय वर करून, आणि एकच हात पुढे पोचतो. तो हात आत घातला की दिवा जात नाही, आणि दिवा घातला की हात जात नाही. म्हणजे चाकी एक तर बघायची, नाही तर धरायची. (आपल्या भगिनी म्हणतात, पोट थोडे कमी असते तर दोन्ही झाले असते. त्यांच्या हातचा भात कमी असता तर पोटही कमी असते, हे मी बोललो नाही. आपल्याला म्हणून सांगतो.)

माझा जुना पाना त्या चाकीवर घसरून घसरून तोंड फाकवून बसला. म्हणून ज्येष्ठात मी आपल्याला पत्र घातले, की मूठ आखूड, मान वाकडी आणि तोंड पातळ असा एक पाना निवडून पाठवा. मापात चूक नको म्हणून आमच्या रावजी सुताराच्या पद्धतीने दोरा घेतला, त्याला गाठी मारल्या आणि त्याच लखोट्यात घातला. पहिल्या गाठीपासून दुसरीपर्यंत मुठीची लांबी, दुसरीपासून तिसरीपर्यंत हात फिरवायला असलेली जागा, आणि तिसरीपासून टोकापर्यंत चाकीची रुंदी. इकडे होड्यांच्या फळ्या अशाच दोऱ्यावर मापतात, आणि त्या होड्या मस्कतपर्यंत जाऊन परत येतात.

आषाढात आपला पाना आला. घाटावरून मोटारीने राजापुरास आला, आणि तिथून होडीने येताना होडीचा तांडेल सुलेमान याने विचारले की ही तोफ कुणासाठी? माझ्या खांद्यापासून बोटांपर्यंत लांब, लाल मूठ, तोंड असे की त्यात नारळ धरावा. शहराच्या रस्त्याखालचे नळ त्याने फिरवीत असतील. आमच्या लाँचीत तो उभा राहीना, आडवा होईना. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, पण इथे मोती ठेवायला नाकच नव्हते. मी नम्रपणे कळवले, तेव्हा आपण साखळीचा पाठवलात. साखळी नळीभोवती गुंडाळून दांडा ओढायचा, छान युक्ती आहे, पण दांडा ओढायला मागे दोन हात मोकळी जागा लागते, आणि माझ्या मागे दोन हातांवरच लाँचीच्या कडेची फळी होती, आणि मधली जागा माझ्या पायांनी भरलेली. त्यानंतर श्रावणात तिसरा आला. तो मात्र लहान होता. इतका लहान की त्याने सुलेमानच्या तपकिरीच्या डबीचे झाकण उघडले, आणि त्यापलीकडे तो गेला नाही. प्रत्येक पुडक्यात आपली तीच चिठ्ठी होती, की हत्यार गुदामाचे आहे, ओरखडा न काढता परत पाठवावे, साहेब कडक आहेत.

मधल्या दिवसांत गावाने मला जे सल्ले दिले ते लिहिले तर वेगळा लखोटा लागेल. रावजी म्हणाला, “गंगारामा, ता तापव. तापवल्याबिगर लोखंड आयकणार नाय.” त्याचे ऐकून पेटती चूड खाली नेली. वीस वर्षे माशाचे तेल प्यायलेल्या फळ्या त्या, चूड लांबून दिसताच धुमसू लागल्या. दोन घागरी पाणी ओतून लाँच वाचवली आणि मग रावजीला शोधले, तर तो शेतात भाताच्या बेणणीला, तण काढायला गेला होता. सुलेमान म्हणाला, मुशीचे तेल सोड, आटे सुटतील. रात्रंदिवस चार दिवस मुशीचे तेल सोडले. आटे सुटले नाहीत. मांजरे मात्र जमली. नाटे गावात इतकी मांजरे आहेत हे मला आजवर ठाऊक नव्हते. मी पालथा पडून हात आत घातला की ती माझ्या पाठीवर बसून वाट बघत. घरी गेलो तर आपल्या भगिनींनी मला पडवीतच जेवायला वाढले, आणि पंधरा दिवस मी पाहुण्यासारखा पडवीत राहिलो.

श्रावणातच आपले ते पत्र आले. ते मी तीन वेळा वाचले. आपण लिहिता, की मापाचा दोरा मुळात आपल्या हातीच आला नाही. लखोट्यात चिमाने सदूसाठी देवीच्या अंगाऱ्याची पुडी घातली होती (मला न विचारता). आपण कामावर असताना वहिनींनी लखोटा फोडला, आणि अंगाऱ्याबरोबर तीन गाठींचा दोरा निघाला, म्हणजे तो देवीचा गंडाच असणार असे समजून पोराच्या दंडाला बांधला. पोराला तेव्हा आठ दिवसांचा ताप होता. दोरा बांधला आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आता तो सोडायचा कसा, वहिनी हात लावू देत नाहीत, आणि दंडाला तीन वेढे असल्यामुळे गाठीवर गाठ बसून माप घेता येत नाही, शिवाय पोर स्थिर राहत नाही. म्हणून आपण तिन्ही वेळा अंदाजाने पाना निवडलात. दादा, ताप उतरला हे खरोखर बरे झाले. सदूच्या आधीची दोन्ही गेली, हे मला माहीत आहे, त्या वेळी मीच आपल्याबरोबर बसलो होतो. पण ही गोष्ट आषाढात लिहिली असती तर मी दुसरा दोरा पाठवला असता. दोऱ्याला काय तोटा? आपण लिहिले नाही, कारण आपल्याला लाज वाटली. मुकादमाला पान्याचे माप ठाऊक नाही असे मेहुण्याला कसे सांगायचे! आपली अब्रू राहिली. ती सांभाळायला माझे दोन महिने गेले.

नारळी पौर्णिमेला लाँच पाण्यात ढकलली, नारळ सोडला, आणि चाकी होती तिथेच होती. वद्य अष्टमीला मोसमातली पहिली आगबोट आली. उतारू धक्क्यावर उभे, सामान उभे, आणि ‘सलामत’ बांधलेली. पाण्याशिवाय इंजिन चालवले असते तर फुटले असते, हे मी अयूबशेटांना सांगितले. शेट बिचारे ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरे वाटले असते. म्हणाले, “गंगाराम, तुझ्या हाताचा दोष नाय. पण ष्टीमर काय माझ्यासाठी थांबनार नाय, नि उतारू पण नाय.” उतारू शिडाच्या होड्यांतून गेले, आणि संध्याकाळी शेटांनी मला किल्ल्या ठेवायला सांगितल्या. रत्नागिरीहून दुसरा माणूस निघालाच होता.

पुढचे ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमची ती लाल मुठीची तोफ घेतली आणि लोहाराकडे गेलो. म्हटले, हिची मूठ एका वितीवर तोड, मान तापवून वाकडी कर, ओठ घासून पातळ कर, आणि जबडा चाकीला बेताचा बसेल असा ठोकून दे. लोहार म्हणाला, एवढे चांगले हत्यार? मी म्हटले, तू तोड. मग लाँचीत कुणी नव्हते तेव्हा शिरलो, पोटावर झोपलो, हात आत घातला, आणि चाकी एका हिसक्यात फिरली. कोपर सोलला आणि गुडघा आपटला तो तिथे. माझी नोकरी नव्हती, लाँच माझी नव्हती, मला कुणी सांगितले नव्हते. पण तशी अडकलेली मला सोडवेना. नळी उतरवली, साफ केली, जोड गळू नये म्हणून सफेता लावून परत बसवली, इंजिन चालवून पाहिले आणि घरी आलो. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. तो रत्नागिरीचा माणूस आता माझ्या जागी टोपी घालून बसतो आणि सगळ्यांना सांगतो, की इंजिन फार शहाणे आहे, उगाच कुणी तरी त्याची बदनामी केली होती.

मला आपला राग आहे. तो जाईल, पण इतक्यात नाही. वहिनींस नमस्कार, सदूस आशीर्वाद.

आपला,
गंगाराम

ता. क. : साखळीचा आणि लहान असे दोन पाने ओरखडा न काढता परत पाठवीत आहे. लाल मुठीचाही पाठवीत आहे, तो वितीएवढा झाला आहे. आपल्या कडक साहेबांना सांगा, कोकणातल्या पावसात लोखंड आटते. ते विश्वास ठेवणार नाहीत, मी जाणतो. आपणच निवडला होता, तेव्हा उत्तरही आपणच निवडा.

दुसरा ता. क. : दादा, आपल्या गुदामात एखादी जागा असेल तर बघा. पेट्या उचलायचीही चालेल. वर जे लिहिले ते लिहून झाले, खोडण्यात अर्थ नाही, पण जागेचे मात्र बघा. चिमाला काही माहीत नाही. ती रोज सकाळी भाकरी बांधून देते, मी रिकाम्या खोपीत बसून खातो आणि वेळेवर घरी येतो. म्हणून उत्तर घरी पाठवू नका, सुलेमान तांडेलाच्या पत्त्यावर पाठवा.

खालचे अक्षर चिमाचे. दादास नमस्कार. लखोटा टपालात टाकायला माझ्याकडे दिला, तो मी भाताच्या वाफेवर उघडला. रागावू नकोस. ह्यांना वाटते, तीन इयत्ता शिकलेल्या मला ह्यांचे अक्षर लागत नाही. मला पहिल्याच दिवशी कळले होते. लाँचीवर गेलेला माणूस संध्याकाळी पांढरी नखे घेऊन घरी येतो काय? अकरा वर्षे मी ती नखे चिंचेने घासली, आता नऊ दिवस घासायला काही नाही. मुंबईत जागा बघ, पण अशी बघ की हात काळे होतील. नाही तर हे जगायचे नाहीत. आणि मला माहीत आहे हे ह्यांना कळवू नकोस, भाकरी मी देत राहीन.