मामाचे कपाट

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

कार्ड आले. बाबांच्या नावाचे! न्यायालयाने नादार ठरविलेल्या माणसाला, मुक्ततेचा आदेश मिळून वर्षही झाले नसताना, क्रेडिट कार्ड मिळेल असे वाटले नव्हते. अर्थात बँकेने विश्वास ठेवला आहे तो बाबांवर नव्हे, माझ्या पगारातून त्यांच्या नावे केलेल्या मुदत ठेवीवर. ठेवीएवढीच खर्चाची मर्यादा. बँकेतल्या बाई भरभर हिंदीत बोलत होत्या आणि मी नुसती मान डोलावत होते. घरी येऊन सगळे नियम पुन्हा वाचले.

आमच्या घरचा नियम असा — कार्ड फक्त गॅस सिलिंडरसाठी वापरायचे आणि बिल येताच पूर्ण भरायचे. अशाने बाबांची पत हळूहळू सुधारेल. कार्ड माझ्या जाड शब्दकोशाच्या पानांत राहील. पोस्टातली बचत वेगळी. तिला हात लावायचा तो तीनच कारणांसाठी. आजारपण, अपघात, माझी नोकरी जाणे. हे मी आईबाबांना नीट समजावून सांगितले. बाबा म्हणाले, "परीक्षेला येनार का गो हे?"

आई हसली. मीही हसले, पण फार थकले आहे.

रविवार, २ मार्च

बाबा गॅस एजन्सीत निघाले. दारात थांबून त्यांनी हात पुढे केला — "मॅडम, कार्ड मिळंल का?" थट्टाच होती. परंतु मी शब्दकोश उघडून कार्ड काढेपर्यंत ते स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिले.

रविवार, २३ मार्च

मुरबाडहून आत्या आली होती. तिच्या मुलीचे, सारिकाचे, लग्न ठरले, अकरा मे. पेढे दिले, बाबांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "दादा, काय आणू नको. तू फक्त ये."

पण आमच्या नात्यात मुलीला लोखंडी कपाट मामा देतो, आणि आहेर माइकवर पुकारला जातो. कोणाचा, काय, किती — साऱ्या मांडवाला ऐकू जाते. पूर्वी, बाबांचा मांडवाचा धंदा होता तेव्हा, तो मांडवही त्यांचा असे आणि माइकही. बहिणींच्या घरच्या लग्नात त्यांनी भाडे कधी घेतले नाही. मग कर्ज काढून नवे लाइट आणि लोखंडी सांगाडे घेतले, आणि पाठोपाठ टाळेबंदी. लग्नेच थांबली. हप्ते भरायला कार्डे, एका कार्डाचे भरायला दुसरे. शेवटी सगळ्याचा लिलाव झाला. बांबू आणि कापड लडकूने घेतले. हा लडकू एके काळी बाबांकडे मजुरीला होता.

आत्या गेल्यावर बाबांनी विचारले — कपाटाचे अर्धे पोस्टातून, अर्धे कार्डावर, जमेल का?

मी नाही म्हणाले. लग्न म्हणजे अडचण नव्हे, असेही म्हणाले.

"बुडालेल्या मानसाचं नाव माइकवर घेतात, न् म्होरं बोलतात, दोनशे एक रुपये. मागच्या साली ऐकलंस ना तू? मंग ती अडचन नाय तर काय हाय?"

ऐकले होते. त्या दिवशी बाबा न जेवताच निघाले होते. तरीही मी म्हणाले, "ते तिन्हींत बसत नाही, बाबा."

सोमवार, २४ मार्च

मी उठायच्या आत बाबा बाहेर गेले होते. बाबांनी माझा डबा मात्र भरून ठेवला होता.

रविवार, ६ एप्रिल

बाबा लडकूकडे कामाला जाऊ लागले! लग्नसराई आहे, त्याला माणसे हवीत. तो अजूनही यांना मालक म्हणतो आणि हे त्याला मुद्दाम लडकूशेठ म्हणतात. त्याने बजावले आहे, "मालक, तुमी खालीच ऱ्हावा. घड्या घाला, खुर्च्या मांडा." बांबूवर चढणाऱ्याला मजुरी जास्त. आईने विचारले, चढणार नाही ना? या वयात, अशी कंबर दुखत असताना? बाबा म्हणाले, "नाय गो. मालक कधी चढतो का?"

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. विहारापुढचा मांडव आपल्याच जुन्या कापडाचा. कोपऱ्यातले ठिगळ आईच्या हातचे — बाबांनी बोटाने दाखविले.

रविवार, २७ एप्रिल

आईबरोबर मुरबाडला साडी घ्यायला गेले. जीप नाक्यावर थांबली. पलीकडच्या मैदानात मांडव चढत होता. सर्वांत वरच्या बांबूवर, पाय आवळून, तोंडात सुतळी धरून बसलेला माणूस — बाबा. त्यांनीही मला पाहिले. मग कापडाकडे तोंड फिरविले.

आई जीपवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होती. मी तिला हाक मारली नाही.

संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, आज नुसत्या खुर्च्या लावल्या. माझ्याकडे पाहिले नाही. मीही काही बोलले नाही. बोलले असते, तर त्या कपाटाचे पैसे कुठून, हा प्रश्न पुन्हा माझ्यापुढेच आला असता. पोस्टातली बचत शाबूत आहे. मी ती राखली आहे.

रविवार, ४ मे

कपाट ठरले! हिरव्या रंगाचे, आरशाचे. बाबांनी निम्मे पैसे रोख दिले, उरलेले लग्नाच्या आदल्या दिवशी. पेंटर दारावर नाव घालून देणार आहे. बाबांनी माझ्यापुढे कागद ठेवला — "तू पैल्या नंबराची. चूक नको राहायला."

मी लिहून दिले: चि. सौ. कां. सारिका हिस, मामा धम्मपाल यांजकडून सप्रेम भेट.

त्यांनी ते दोनदा मोठ्याने वाचले. माइकवर वाचावे तसे. मग म्हणाले, दोनच मांडव राहिले, त्यातला एक सारिकाचाच.

मला विचारायचे होते — वर चढूनच का? कागदाची घडी घालून त्यांच्या खिशात ठेवली.

शुक्रवार, ९ मे

बाबा सारिकाच्या मांडवावरून पडले. कमरेचे हाड मोडले आहे, पायाला स्पर्श कळत नाही. दवाखान्याने आधी अनामत मागितली. कार्ड पूर्ण वापरले; उरलेले उद्या पोस्टातून.

आत नेताना त्यांनी माझे बोट धरले होते. म्हणाले, "संघू, हे तरी बसतंय ना गो, तुझ्या तिनात?"