सासूबाईंना निघालेला सांगाडा

१ डिसेंबर, लोहारा
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पुढे कुणी छापलीच तर माझा नाइलाज.
प्रमोदिनी तुळजापूरला, माहेरी. भांडण वगैरे काही नाही. मेव्हण्याच्या वास्तुशांतीला दोघं गेलो, मी एकटा परत आलो, इतकंच.
झालं असं. मेव्हण्याची मुलगी अक्षरा पुण्यात शिकते. तिनं मला टॅरोचे पत्ते भेट दिले. पत्ता ओढायचा, चित्र बघायचं, भविष्य सांगायचं. जेवणं उरकल्यावर सासूबाई समोर येऊन बसल्या, माझ्या गुडघ्याचं काय ते बघा म्हणाल्या. मी पत्ता ओढला. मृत्यू निघाला. हातापायांची हाडं दाखवणारा सांगाडा. मी सगळ्या पाव्हण्यांसमोर खणखणीत आवाजात 'मृत्यू' असं वाचलं.
या पत्त्याचा अर्थ फक्त 'बदल' असा असतो, हे पुस्तिकेत बारीक अक्षरात आहे. ते मी बसमध्ये वाचलं.
संकल्प: फोन करायचा नाही. आधी ही विद्या पक्की करायची. मग प्रमोदिनी आपणहून येईल.

३ डिसेंबर
कॉलेजातून लवकर निघालो. (क्लार्कला डोकं दुखायचा हक्क आहे.) सगळे पत्ते नीट बघितले. भावना संमिश्र.
डबीवर लिहिलंय की यात साऱ्या जगाच्या संस्कृती आहेत. जपानची म्हातारी चहा ओततेय. आफ्रिकेतला ढोलवाला. नॉर्वेची राणी. ऊर भरून आला. मग भारत शोधला. एक हत्ती, एक गारुडी, आणि एक राजा, त्याच्याही मिशा राजस्थानी. मराठवाडा कुठेच नाही. बर्फात राहणाऱ्यांची मात्र ही गर्दी. कंपनीला कडक पत्र लिहायला घेतलं. इंग्रजीत 'दुजाभाव' अडला. राहिलं.
पण सांगाडा मेक्सिकोचा आहे आणि त्याच्याभोवती झेंडूची फुलं आहेत. तिकडेही मेलेल्यांना झेंडू वाहतात म्हणे. एवढा लांबचा देश, पण आपलाच वाटला. कंपनीला माफ केलं.

४ डिसेंबर, सकाळ
विचारलं, प्रमोदिनी कधी येईल? जपानची म्हातारी निघाली. अर्थ: धीर धरा.
पत्ते नीट पिसले नव्हते. पुन्हा ओढला. ढोलवाला. अर्थ: बातमी येईल.

४ डिसेंबर, संध्याकाळ
बातमी आली. गॅस सिलेंडर उद्या येणार. खिचडी करपली.
प्रमोदिनीच्या माहेरी असला अभ्यास कुणी करत नाही. त्यांचं सोपं असतं. देवळात चिंतामणीच्या गोल दगडावर दोन्ही हात ठेवायचे, मनात प्रश्न विचारायचा. उजवीकडे फिरला तर हो, डावीकडे फिरला तर नाही. बारकावे कुठून कळणार?

७ डिसेंबर, रविवार
आज क्रांती झाली.
शेजारच्या धुरपदाबाई भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. मी ओट्यावर पत्ते मांडून बसलो होतो. त्यातल्या एका पत्त्यावर सावळा तरुण आहे, खांद्यावर काठी, काठीला गाठोडं, पायाशी कुत्रं. कड्याच्या टोकावर उभा. धुरपदाबाईंचं माहेर भैरोबाचं सोनारी. त्यांनी पत्ता पाहिला आणि चपला काढल्या. अगं बया, ह्यो तर आमचा भैरोबा, कुत्रं बी हाय की, असं म्हणून घरी धावल्या, हळदी-कुंकू घेऊन आल्या आणि पत्त्याला लावलं. तेलाचं बोटही फिरवलं. वर म्हणाल्या, आज रविवार, त्याचाच वार, उगं न्हाय आला.
पुस्तिकेत या पत्त्याचं नाव 'मूर्ख' आहे. मी सांगणार होतो. पण श्रद्धेचा प्रश्न होता. शिवाय भाकरी गरम होती. खाली छापलेलं इंग्रजी नाव कुंकवाखाली गेलं, ते बरंच झालं.

९ डिसेंबर
गल्लीत बातमी पसरली. जीपवाले श्रीमंतराव आले. जीप विकू का ठेवू विचारलं. भैरोबा निघाला. सोमलिंग टेलर आले, पोरीचं लग्न कुठं जमंल विचारलं. भैरोबा. तिसऱ्या गिऱ्हाइकाला, भैरोबाच. लोक थक्क.
तेल आणि कुंकवामुळे तो पत्ता जरा फुगलाय आणि गठ्ठा कापला की तिथेच उघडतो, असं कुणी म्हणेल. मी याला ऊर्जा म्हणतो.
सगळ्यांना एकच सांगितलं, देव पाठीशी आहे. सगळे खूश. दक्षिणा घेत नाही, म्हणून नारळ देतात. नारळ फार झाले. नारळाची चटणी प्रमोदिनीला येते. मला येत नाही.

१२ डिसेंबर
आज स्वतःसाठी ओढला. भैरोबा. पुन्हा ओढला. भैरोबा. डोळे मिटून, डाव्या हातानं. भैरोबा. देव माझ्या पाठीशी आहे.
पुस्तिकेत अर्थ असा: विचार न करता कड्यावरून पाऊल टाकणारा. पुस्तिका बंद केली. पुस्तिका परदेशी आहे.
प्रमोदिनीला मेसेज लिहिला. खोडला. शेवटी नारळांचा फोटो पाठवला. तिनं पाहिला. उत्तर नाही.
घर खायला उठतं. तिची चहाची गाळणी कुठल्या खिळ्याला असते तेही मला माहीत नव्हतं. खिळा सापडला. गाळणी नाही.

१४ डिसेंबर
फोन! सासूबाईंचा. मी उभा राहून घेतला. त्या म्हणाल्या, जावईबापू, तो हाडांचा फोटो घेऊन उद्या या.
त्यांना पाव्हण्यांच्या गलक्यात मृत्यू वगैरे काही ऐकूच गेलं नव्हतं. सांगाडा पाहून त्यांना वाटलं, गुडघ्याचा एक्स-रे आहे. दवाखान्यात रांग लावावी लागते, माझ्या जावयानं पत्त्यातच हाड काढून दाखवलं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत. शेजारीण विश्वास ठेवत नाही. तिला पुरावा हवाय.
म्हणजे त्या रागावल्याच नव्हत्या! मग प्रमोदिनी कशाला रागावली?
प्लॅन: ऐटीत प्रवेश. सोबत नारळ. प्रमोदिनीला म्हणायचं, मी आपणहूनच येणार होतो.

१५ डिसेंबर, तुळजापूर, दुपार
ऐटीत प्रवेश झाला नाही. पोत्यातले नारळ एसटीच्या पायरीवर सांडले.
सासूबाईंनी सांगाडा खिडकीच्या उजेडात धरला आणि शेजारणीला दाखवलं, हे बघा, इथं झीज झाली आहे. शेजारणीनं मान डोलावली. प्रमोदिनीनं चहा दिला, पण माझ्याकडे बघून नाही.
मग मी म्हटलं, तुझाही पत्ता बघतो. गठ्ठा कापला. भैरोबा. मी म्हटलं, अतिशय शुभ. सुटीला आलेली अक्षरा जवळ आली. म्हणाली, काका, याच्यावर काय सांडलंय? तिनं नखानं कुंकू खरवडलं आणि खालचं नाव मोठ्यानं वाचलं. सासूबाईंनी अर्थ विचारला. अक्षरानं सांगितला. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, मग पत्ते खरे आहेत हो.
प्रमोदिनी हसली. इतक्या दिवसांत मी ऐकलेलं पहिलं हसू.
तेवढ्यात मी म्हटलं, काही असो, मी आपणहून आलो. ती म्हणाली, काल चिंतामणीला हेच विचारलं होतं, हे आपणहून येतील का? दगड डावीकडे फिरला. मी म्हटलं, म्हणजे दगड चुकला, हा मी आलो की! तिनं विचारलं, आईनं फोन केला नसता तर?
मी चहा प्यायलो.
मग तिनं सांगितलं. मृत्यूचा राग नव्हताच. मी कुठेही काहीही वाचून दाखवतो, हे तिला लग्नापासून माहीत आहे. पण आईचा गुडघा कसा आहे, एवढं विचारायला एक फोन करता आला नाही? ती रोज वाट बघत होती.
मी तिथेच सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दुखतोय, पण तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चहा फार गरम आहे असं सांगितलं.

१७ डिसेंबर, लोहारा
प्रमोदिनी घरी आली. गाळणी फ्रिजमागे होती.
सांगाडा तुळजापूरलाच राहिला. सासूबाई फ्रेम करणार आहेत. त्यामुळे संच अपुरा, म्हणून विद्या तूर्त स्थगित. माझा दोष नाही.
भैरोबाचा पत्ता धुरपदाबाईंनी मागून नेला. मी सगळं खरं सांगितलं, खाली मूर्ख लिहिलंय हेही. त्या म्हणाल्या, इंग्रजीला काय कळतंय, कुत्रं हाय नव्हं? आता तो त्यांच्या देवघरात आहे. आज त्याला पुरणपोळीचा नैवेद्य झाला. मी खिडकीतून पाहिलं.
आमच्याकडे आजपासून सकाळ-संध्याकाळ नारळाची चटणी. उरलेले नारळ संपेपर्यंत हेच, असं प्रमोदिनीनं जाहीर केलंय.
मी म्हटलं, त्या मूर्खाला पुरणपोळी आणि मला चटणी, हा कुठला न्याय?
ती म्हणाली, तो आपणहून घराबाहेर पडला होता.